पोल घट्ट आहे का, हे कुणीच विचारत नाही

माझ्या बैठकीच्या खोलीत फरशीपासून छतापर्यंत 45 मिलिमीटर जाडीचा, पोल डान्सच्या कसरतींचा एक स्टीलचा पोल उभा असतो, आणि गेल्या दोन वर्षांत घरी आलेल्या जवळजवळ प्रत्येक माणसाने त्याच्याविषयी काही ना काही मत दिलेले आहे. हे शोभते का, शेजारी काय म्हणतात, सासूबाईंना चालते का, या वयात हे कसले खूळ, यांपैकी एकही प्रश्न मला चुकलेला नाही. तो घट्ट बसला आहे का, एवढे मात्र आजपर्यंत कुणी विचारलेले नाही. ज्याने तो बसवला त्याने नाही, आणि ज्या मैत्रिणी त्यावर हौसेने लटकल्या त्यांनीही नाही. पोलच्या चारित्र्याची तपासणी अख्खे खानदान करते आणि त्याच्या स्क्रूंची तपासणी करायला मी एकटी!

सुरुवात बसवणाऱ्यापासूनच झाली. ज्या दुकानातून पोल मागवला, त्यांनी बसवण्यासाठी एक माणूस पाठवला. त्याच्याकडे पाना होता, शिडी होती, मोबाइलवर गाणी होती. पाणसळ नव्हती आणि ओळंबाही नव्हता. घरगुती पोल बहुधा भोक पाडून बसवत नाहीत. त्याच्या तळाशी आट्यांचा जॅक असतो. तो फिरवला की पोल लांब होत जातो आणि फरशी व छत यांच्यामध्ये नुसत्या दाबावर अडकून उभा राहतो. म्हणजे सगळी भिस्त वरच्या छतावर. आमच्या खोलीला फॉल्स सीलिंग आहे, म्हणजे खऱ्या स्लॅबच्या खाली अर्धा फूट अंतरावर पत्र्याच्या पट्ट्यांना लटकवलेले जिप्समचे बोर्ड, ज्यांनी दिव्यांच्या वायरी झाकाव्यात एवढीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. या गृहस्थाने पोलची वरची तबकडी थेट त्या बोर्डाला टेकवली आणि खाली बसून पाना फिरवायला घेतला. वरून कर्र असा आवाज आला, माझ्या नाकावर पांढरी पूड पडली, आणि तो मान वर न करता म्हणाला, “काही होत नाही मॅडम, सेट होतंय.”

सेट नव्हे, ते फुटत होते. मी त्याला थांबवले, पीओपीवाल्याला बोलावून बोर्डाला गोल भोक पाडून घेतले, स्लॅबच्या खालच्या अंगाला असलेला पोकळ थर खरवडून काढला आणि तबकडी काँक्रीटला भिडवली. या सगळ्याचे पैसे अर्थातच मी भरले, कारण दुकानाच्या म्हणण्याप्रमाणे “छत ग्राहकाची जबाबदारी” होती. छत माझी जबाबदारी आहे हे मान्य. पण मग ऑर्डर घेताना, पत्ता आणि पिनकोड विचारताना, छत कसले आहे हा एक प्रश्न विचारायला यांची जीभ झडली होती का?

ओळंब्याचे महत्त्व तर यांना समजावून सांगणेच कठीण. दाबावर उभा असलेला पोल सरळ रेषेत असेल तोवरच तो दाब नीट वर-खाली जातो. पोल थोडा जरी कलता राहिला, तरी त्या दाबाचा काही भाग आडवा ढकलू लागतो, आणि मग प्रत्येक गिरकीबरोबर त्याचे टोक केसभर सरकते. पाणसळ एका बाजूला लावून भागत नाही. एकदा समोरून आणि एकदा काटकोनात बाजूने, अशी दोनदा लावावी लागते, कारण समोरून सरळ दिसणारा पोल बाजूने खुशाल कललेला असू शकतो. शिवाय अंगाचे वजन 60 किलो आहे म्हणून पोलवर 60 किलोचाच भार येतो, हाही एक गोड गैरसमज. स्थिर लटकणे वेगळे आणि झोका घेऊन एकदम थांबणे वेगळे. झटक्याचा भार वजनापेक्षा पुष्कळ जास्त असतो.

हे मला कुणा महागड्या क्लासमध्ये शिकावे लागले नाही. मी लहानपणी व्यायामशाळेत दोरीच्या मल्लखांबावर होते. दोरी नवी टांगली की आमचे सर आधी वरची कडी हाताने पाहत, गाठ पाहत, मग स्वतः दोरीला लटकून दोन झोके घेत, आणि त्यानंतरच आम्हा मुलींना हात लावू देत. रोज. त्या दोरीने एकदाही दगा दिला नव्हता, तरीही रोज. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या विद्येला पुन्हा उभे केले असे आपण अभिमानाने सांगतो, त्या विद्येच्या मातीत वाढलेली माणसे घरात स्टीलचा खांब उभा करतात आणि चढण्यापूर्वी त्याला एकदा हलवूनसुद्धा पाहत नाहीत, याचा मला खरोखर संताप येतो.

मल्लखांबाचा उल्लेख मी घरात फार वेळा केला, ही माझीच चूक. पुरलेल्या लाकडी मल्लखांबाला एरंडेल लावतात, हे सासूबाईंना पक्के ठाऊक होते. त्यामुळे माझा पोल “कोरडा पडलेला” पाहून त्यांनी एका शनिवारी प्रेमाने कामवाल्या मावशींना सांगून त्याला खोबरेल तेल चोळून घेतले. वरपर्यंत, स्टुलावर चढून! त्यांच्या मायेबद्दल मला शंका नाही. पण सागवानाचे किंवा शिसवीचे लाकूड ते तेल पिते. क्रोमचा मुलामा दिलेले स्टील ते पीत नाही, तर वर वागवते. मी संध्याकाळी सवयीप्रमाणे चढण्यापूर्वी दोन्ही हातांनी पोल धरून अंगाचा भार टाकला, आणि हात सर्रकन खाली घसरत माझ्या गुडघ्यापर्यंत आले. जमिनीवर होते म्हणून वाचले. हेच मी डोके खाली आणि पाय वर करून पाहिले असते, तर पुढचा मजकूर लिहायला मी उरले नसते. त्यानंतर अर्धी बाटली सर्जिकल स्पिरिट आणि चार फडकी खर्ची पडली. तेव्हापासून घरात नियम आहे की पोलला मी सोडून कुणीही हात लावायचा नाही, आणि ज्या दिवशी पोलवर चढायचे त्या दिवशी मी स्वतःसुद्धा हातापायांना क्रीम लावत नाही. नियम करून मी वाईट झाले. मावशी अजून म्हणतात, “ताई, चकाकी गेली बघा त्याची.”

पाहुण्यांविषयी काय सांगावे! दिवाळीत नणंदबाईंनी त्यावर ओली साडी वाळत घातली. त्यांच्या आठ वर्षांच्या चिरंजिवांनी धावत येऊन पोलला धरून गरागरा फिरण्याचा कार्यक्रम केला, आणि तो हादरताना दिसतो आहे हे मी सांगितल्यावर सगळ्यांनी मला “घाबरट” ठरवले. मुलाने गंमत केली, हे ठीक. पण पोलला बाजूने बसलेल्या प्रत्येक हिसक्यानंतर तळाचा जॅक पुन्हा तपासावा लागतो आणि पाणसळ पुन्हा लावावी लागते, आणि ते काम फराळाच्या ताटांमधून वाट काढत रात्री साडेअकरा वाजता मी केले. नणंदबाई तेव्हा चकल्यांची कृती सांगत होत्या.

आणि आता त्या मैत्रिणीविषयी, जिच्यावर मी सर्वांत जास्त रागावले आहे, कारण तिला सगळे माहीत होते. तिने माझे पाहूनच पोल घेतला. बसवल्यावर पहिल्या काही दिवसांत तो रोज तपास, कारण रंगाचा आणि पीओपीचा थर दबतो आणि पोल सैल पडतो, असे मी तिला तीनदा सांगितले. टाइल ठोकून पाहा, खाली पोकळ वाजली तर जागा बदल, हेही सांगितले. खाली 10 सेंटिमीटर जाडीची गादी घे, हे तर हात जोडून सांगितले. तिने गादीऐवजी योगाची चटई अंथरली, दिव्याचा गोल स्टँड विकत आणला, मोबाइल लावला आणि व्हिडिओसाठी उलटी लटकली. पोल कलला, तळाखालची टाइल तडकली, आणि ती टाचेवर आपटली. तीन आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. मी भेटायला गेले तर म्हणते, “माझी साडेसातीच चालू आहे ग.” अग, शनीने तुझा जॅक सैल केला होता का?

ही तपासणी म्हणजे काही विमानाची देखभाल नव्हे. जॅकचे आटे खुणेच्या आत आहेत की नाहीत ते पाहायचे, पोलच्या सांध्यावरून नख फिरवायचे आणि ते अडखळते का ते बघायचे, वरची तबकडी जागची हलली आहे का हे पेन्सिलीने आखलेल्या रेघेवरून ताडायचे, आणि मग जमिनीवर उभे राहून चारही बाजूंनी पोल ओढायचा. पावसाळ्यात नख जरा सावकाश फिरवावे लागते, कारण दमट हवेत क्रोमवर मिठाच्या कणांसारखे खरखरीत ठिपके येतात, मुलामा तिथून सुटतो, आणि सुटलेली कड मांडीची कातडी सोलून काढते. चहाला उकळी यायला लागतो त्यापेक्षा या सगळ्याला जास्त वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात माझ्या मैत्रिणीचे केस विंचरूनही होत नाहीत.

सध्या मात्र माझाच पोल काढून कपाटामागे ठेवलेला आहे, आणि त्याचे कारण ऐकून कुणाचेही डोके फिरेल. हा पोल स्थिर ठेवता येतो किंवा फिरता करता येतो, आणि तो बदल बाजूच्या बारीक स्क्रूंनी होतो. ते घट्ट केले की पोल स्थिर, सैल केले की फिरता. बसवणाऱ्या त्या गृहस्थाने मिलिमीटरच्या ॲलन कीऐवजी, म्हणजे षट्कोनी टोकाच्या चावीऐवजी, इंचाच्या मापाची, किंचित लहान चावी घालून स्क्रू आवळले होते, त्यामुळे एका स्क्रूची षट्कोनी खाच आतून गुळगुळीत झाली. आता तो ना धड आवळता येतो, ना सोडवता येतो. पोल स्थिर आहे असे समजून पाय टाकावा आणि त्याने निम्मी गिरकी घ्यावी, असे दोनदा झाले. दुकानाला फोन केला. पहिल्या मुलीने “पोलमध्ये स्क्रू असतो का?” असे विचारले. दुसऱ्याने ॲलन की म्हणजे काय हे माझ्याकडून समजून घेतले. तिसरे साहेब, जे तांत्रिक विभागाचे होते, त्यांनी सल्ला दिला की हार्डवेअरच्या दुकानातून साधारण तेवढ्याच आकाराचा कोणताही स्क्रू आणून लावा, काही होत नाही.

साधारण तेवढ्याच आकाराचा! ज्या स्क्रूच्या भरवशावर मी छताजवळ डोके खाली करून लटकणार, तो साधारण तेवढ्याच आकाराचा! मी लेखी मागणी केली, त्यांनी तीन आठवड्यांची मुदत दिली, त्यालाही आता पाचवा आठवडा चालू आहे. दरम्यान वरच्या मजल्यावरच्या काकू काल साखर मागायला आल्या, रिकाम्या खोलीकडे पाहून त्यांचा चेहरा उजळला, आणि जाता जाता म्हणाल्या, “बरं झालं काढलास, दिसायलाच कसंतरी दिसायचं ते.”