काय सांगतेस!

आई फोनवर बोलत असली की पलीकडून काय बातमी आलीय ते कळत नाही, पण ती केवढी आहे ते मात्र कळतं. किरकोळ असेल तर "हो का". जरा बरी असेल तर "अगं बाई". आणि कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं वगैरे असेल तर "काय सांगतेस!" हे म्हणताना ती हातातली मेथीची जुडी बाजूला ठेवते आणि खुर्ची ओढून बसते. गंमत अशी की त्या क्षणी तिचा बातमीवर पूर्ण विश्वास बसलेला असतो. शंका असती तर मेथी निवडणं चालूच राहिलं असतं. "काय सांगतेस" म्हणजे खरं तर "सांग, थांबू नकोस".

हे लक्षात आल्यापासून मी लोकांचे उद्गार ऐकत बसतो. (बायको याला रिकामटेकडेपणा म्हणते. बरोबर आहे तिचं.) माझं मत असं झालंय की आपले अविश्वासाचे बहुतेक शब्द विश्वास बसल्यावरच तोंडातून निघतात. मालवणकडचा "काय सांगतस मेल्या!", कोल्हापूरचा "काय सांगतोस मर्दा!", नागपूरचा मित्र "फेकतो का बे!" म्हणतो तेव्हाही त्याला पुढचं ऐकायचंच असतं. ती सांगणाऱ्याला दिलेली दाद असते. तुम्ही जीव तोडून काही सांगावं आणि समोरच्यानं नुसतं "बरं" म्हणावं, म्हणजे कळेल मी काय म्हणतोय.

ज्याला खरोखर पटलेलं नसतं तो फार सभ्यपणे बोलतो. "असं का?" "असेल बुवा." "तुम्ही म्हणताय म्हणजे असेलच." आमच्या ऑफिसात एक ज्येष्ठ होते, सदाशिव पेठेतले. कुणी फुशारकी मारली की चष्मा पुसत "छान" म्हणायचे. एवढंच. त्या "छान"नंतर पुढे बोलायची कुणाची टाप नसायची.

लहानपणी बरं होतं, खरं-खोटं करायला आमच्याकडे पक्की यंत्रणा होती. "शप्पथ?" असं विचारायचं. समोरच्यानं गळ्याची कातडी चिमटीत धरून "गळ्याशप्पथ" म्हणायचं. तेवढ्यानं भागलं नाही तर देवाशप्पथ, मग आईशप्पथ आणि परीक्षा जवळ आलेली असेल तर थेट विद्येशप्पथ. घेणाऱ्याचाच धीर सुटायचा आणि तो मागे लागायचा, "सुटली म्हण ना, सुटली म्हण!" आता "आईशप्पथ" वडापाव तिखट लागला तरी म्हणतात.

मोठेपणी शपथ कोण घेणार? मोठी माणसं चॅनल बदलतात. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र आठवा. आठ वाजता पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून पाचशे-हजारच्या नोटा चालणार नाहीत म्हणाले. स्वतः पंतप्रधान सांगतायत, डोळ्यांदेखत सांगतायत, आणि आमच्या घरात पहिलं वाक्य काय, तर "दुसरं चॅनल लाव बघू." दुसऱ्यावरही तेच होते. मग तिसरं. मग सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी "खरंय का हे?" विचारलं आणि वरच्या मजल्यावरच्या काकूंनी "हो" लिहिलं, तेव्हा कुठे आम्ही पाकिटं उघडली.

पण हे सगळं वरवरचं झालं. मला सांगायचंय ते वेगळंच.

काही वर्षांपूर्वी, सकाळी सहाच्या सुमारास चुलतभावाचा फोन आला. "दादा, बाबा गेले." मी म्हणालो, "कुठे?"

काका एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यावरही सतत कुठेतरी निघालेले असायचे, त्यामुळे प्रश्न अगदीच खुळा नव्हता, अशी मी माझी समजूत घालतो. भाऊ क्षणभर गप्प राहिला आणि पुन्हा तोच शब्द म्हणाला, "अरे, गेले." मग मी त्याला म्हटलं, "पण परवाच त्यांनी मला शिमग्याला येतोस का म्हणून विचारलं होतं." शिमग्याचं आमंत्रण दिलेला माणूस शिमग्याआधी मरू शकत नाही, असा जणू काही नियमच असावा. "काय सांगतोस!" तोंडातून निघालं नाही. अजून कधी आठवलं तर त्या "कुठे?"ची लाज वाटते, पण आता थोडी कमी.

मराठीत विश्वास "बसतो". धक्काही बसतो. पण धक्का आल्या आल्या बसतो आणि विश्वास मात्र दारात चप्पल न काढता उभा राहतो, या या म्हटलं तरी आत येत नाही. त्या दिवशी मी गाडी काढली, डिझेल भरलं, रस्त्यात फुलांचा हार घेतला. म्हणजे डोक्याला सगळं कळलेलं होतं. तरी घराच्या वळणावर आलो तेव्हा नजर ओट्यावरच गेली, काका बसलेत का बघायला.

कुणी "विश्वास ठेव" म्हटलं की आपल्याकडे लगेच उत्तर येतं, "विश्वास पानिपतात मेला." कितीदा तरी मी हे हसत म्हटलंय. तो विश्वास म्हणजे नानासाहेब पेशव्यांचा थोरला मुलगा विश्वासराव. १४ जानेवारी १७६१ ला गोळी लागून पडला तेव्हा वीस वर्षांचाही नव्हता. बातमी दक्षिणेकडे निघाली ती सावकारी भाषेत, दोन मोती गळाले, मोहरा हरपल्या, खुर्द्याची तर गणतीच नाही. आणि नानासाहेब त्याच वर्षी जूनमध्ये पर्वतीवर गेले. एका पोरसवद्या मुलाच्या मरणाची आपण अडीचशे वर्षांनी कोटी केली. भाषा अशीच निर्दय असते, माझी तक्रार नाही.

पण मला त्यातला दुसरा मोती जास्त छळतो. सदाशिवरावभाऊ, ज्यांच्या नावानं ती पेठ आहे. रणात सापडलेला देह त्यांचाच का, ही शंका राहिली आणि त्या शंकेच्या आधारानं पार्वतीबाईंनी कुंकू पुसायला नकार दिला. कुणाशी हुज्जत घातली असेल, काय बोलल्या असतील, कोण जाणे. रोज सकाळी करंडा उघडायचा, कुंकू लावायचं. पुढे "मीच भाऊ" म्हणत एक तोतया उभा राहिला आणि १७७६ मध्ये कोकणातली कितीतरी माणसं त्याच्यामागे गेली. शेवटी त्याला पकडून पुण्यात ठार केलं. त्याच्या मागे गेलेल्या लोकांना इतिहास भोळे म्हणतो. काहींना त्यातून काही मिळवायचं असेलही. पण पानिपतावर घरातलं माणूस गेलेलं होतं असेही त्यांत असणार. भाऊ परतू शकतात तर आपलाही कुणीतरी परतेल, एवढा हिशोब मला कळतो.

म्हणूनच हल्ली फेसबुकवर श्रद्धांजलीच्या पोस्टखाली ओळीनं "विश्वासच बसत नाही" दिसतं तेव्हा मी पूर्वीसारखा चिडत नाही. त्यातल्या निम्म्यांचा विश्वास लगेच बसलेला असतो, ते पुढच्या मिनिटाला कुणाच्या तरी वाढदिवसाला केक चिकटवतात. असू दे. पण "आता वास्तव स्वीकारायला हवं" असं घरच्यांना सांगणाऱ्यांची मात्र मला अजून चीड येते. काकांच्या तेराव्याला असे दोघे-तिघे होते. काकू त्यांना "हो, हो" म्हणत लाडू वाढत होत्या. अगदी आमच्या ऑफिसातल्या त्या "छान"सारखं "हो, हो".

काकांचा मोबाईल अजून चालू आहे. टीव्हीच्या बाजूला चार्जिंगला असतो. "नंबर बंद पडेल" एवढंच काकू म्हणतात. त्यावर कोण फोन करणार, हे त्यांना कुणी विचारलेलं नाही. चौऱ्याऐंशी दिवसांचा पॅक आहे. संपत आला की मेसेज येतो, तो त्या चष्मा लावून वाचतात आणि स्वयंपाकघरातून भावाला हाक मारतात, "बाबांचा रिचार्ज केलास का रे?"

तो म्हणतो, "करतो."