टिचकी मारा, काही होत नाही

गेले तीन दिवस आमच्या पेठेतल्या एका छोट्या कलादालनात उभी होते. कलादालन कसलं, संस्थेचा जुना हॉलच, भिंतींना पांढरा रंग दिलेला. मित्रांनी ध्वनीची मांडणी केली होती आणि वायरिंगचं काम माझ्याकडे. तांब्याच्या पाच घागरी. प्रत्येकीच्या बुडाला आतून एक पिझो चकती, वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डात असते तसली. घागरीवर टिचकी मारली की चकतीत जरासा विद्युतदाब तयार होतो, तो कंट्रोलर नावाचा इवलासा संगणक ओळखतो आणि स्पीकरमधून तांबट आळीतले मठारकामाचे, म्हणजे तांब्याचं भांडं हातोडीने ठोकायच्या कामाचे, ठोके ऐकू येतात. जोरात मारलीत तर अगदी कानाशी, हळू मारलीत तर गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ऐकावेत तसे.

पहिल्या दिवशी एकानेही टिचकी मारली नाही.

लोक यायचे, हात पाठीमागे बांधून फलक वाचायचे, घागरींचा फोटो काढायचे, निघून जायचे. मग लक्षात आलं, दाराशीच वर्षानुवर्षांची पाटी होती : ‘वस्तूंना हात लावू नये.’ एरवी पाट्यांना न जुमानणारे आपण, नेमके इथे आज्ञाधारक! पाटी झाकली, तरी फरक नाही. शेवटी मी दारात उभी राहून म्हणू लागले, "काका, मारा टिचकी, काही होत नाही." तेव्हा कुठे हॉल वाजायला लागला.

दुसऱ्या दिवशी एक आजोबा आले. त्यांची हयात तांब्यावर ठोके घालण्यात गेलेली. स्पीकरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बोटाच्या पेराने घागर वाजवली, कान लावला आणि म्हणाले, "बुडाला ठोके कमी पडलेत. पाण्याने भरून उचलाल तर पोचा येईल." ठोक्यांनी तांबं कडक होतं, हे मी वाचलं होतं. त्यांना ते ऐकू येत होतं. आमची सगळी सर्किटं त्या एका पेरापुढे फिकी वाटली, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही.

‘हे परदेशी खूळ’ म्हणणारेही भेटले. अहो, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर घडवणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभारला तो १९६९ साली. खूळ असलंच तर चांगलं मुरलेलं आहे.

माझं भांडण वेगळंच आहे. असल्या कामाला उद्घाटनाचा खर्च मिळतो, पुढच्या दिवसांचा नाही. चित्र एकदा टांगलं की टांगलं. इथे रोज शेकडो टिचक्या बसतात, चकतीची केसासारखी वायर डाखापाशी तुटते. आवाज यायला क्षणभर उशीर झाला तरी माणूस म्हणतो, हे आधीचंच रेकॉर्डिंग वाजतंय, आणि पाठ फिरवतो. दारात बोलावणारं एक माणूस आणि डाख मारणारं एक माणूस, या दोघांचं मानधन आमच्या अंदाजपत्रकात नव्हतंच. हारतुरे आणि पेढे मात्र होते.

काल दुपारी तिसरी घागर गप्प झाली. ‘दुरुस्ती चालू आहे’ असं लिहून तिच्यावर चिकटवलं आणि सोल्डरिंग गन आणायला घरी पळाले. परत आले तर दोन पोरं तीच घागर बडवत होती, तिच्या स्वतःच्या आवाजासाठी.