हिरवा रंग गेला, औषध गेलं का?

"मासे आठवडाभर स्वच्छ पाण्यात ठेवले की मॅलाकाइट ग्रीन निघून जातं" असं एका लेखात वाचलं. मॅलाकाइट ग्रीन म्हणजे माशांच्या बुरशीवर वापरतात तो हिरवा रंग. ते वाक्य अर्धंच खरं आहे. नाशिककडे शेततळ्यात रोहू-कटला पाळणारे बरेच झालेत. माशाच्या अंगावर कापसासारखी बुरशी धरली की हे हिरवं औषध सुचवणारा कुणीतरी भेटतोच, खायच्या माशांसाठी बंदी असूनही.

हिरवा रंग झपाट्यानं ओसरतो, मान्य. पण माशाच्या शरीरात त्याचं बरंचसं ल्यूकोमॅलाकाइट ग्रीन होतं. ते रंगहीन असतं, चरबीत विरघळतं आणि मांसात ठाण मांडून बसतं. मासा जितका तेलकट, तितका मुक्काम लांब. ईलमध्ये (वाम माशात) तर ते औषध दिल्यावर महिनोन्‌महिने सापडतं. शिजवूनही फारसं कमी होत नाही. मग कल्ले हिरवट आहेत का ते बघून काय कळणार, डोंबल? प्रयोगशाळेत दोन्ही रूपं मिळून मोजतात. युरोपात २०२२ च्या अखेरीपासून किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम झालं तरी माल अडतो.

बुरशीला सुरुवातीलाच मिठाचं पाणी द्या, तळ्यात गर्दी कमी ठेवा. आणि बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) घेताना हॅचरीवाल्याला विचारा, अंड्यांना बुरशी लागू नये म्हणून काय टाकलं होतं ते. बघा काय उत्तर देतो ते.