‘निफ्ट नाहीतर शिवणक्लास’ : फॅशन डिझाइनच्या फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

बारावीचा निकाल लागला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर निफ्टबद्दल, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेबद्दल, एक मजकूर दरसाल उगवतो. त्याचा सारांश असा : ‘फॅशन डिझाइन करायचं तर निफ्टच, बाकी सगळे शिवणक्लास. निफ्टला चित्रकला लागते, हात चालत नसेल तर नाद सोडा. बारावीला शाखा कुठलीही चालते. कोचिंगशिवाय नंबर लागत नाही. नाहीच लागला तर शंभर टक्के प्लेसमेंटवाली खाजगी संस्था बघा, डिग्री ती डिग्रीच.’ यातली दोन-तीन वाक्यं अर्धी खरी आहेत, म्हणूनच तो पुढे पाठवला जातो.

‘निफ्टच, बाकी सगळे शिवणक्लास’

निफ्ट चांगली संस्था आहे, यात वाद नाही. 1986 साली वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली सुरू झाली, 2006 च्या कायद्याने तिला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला, आणि आपल्याकडे खारघरला तिचा कॅम्पस आहे. पण ‘निफ्ट’ हा काही एक कोर्स नव्हे. बी.डिझ. (बॅचलर ऑफ डिझाइन) या पदवीत फॅशन डिझाइनशिवाय टेक्स्टाइल, निटवेअर, लेदर, ॲक्सेसरी, फॅशन कम्युनिकेशन असे वेगवेगळे विषय आहेत आणि सगळे विषय सगळ्या कॅम्पसवर नसतात. काउन्सेलिंगला, म्हणजे जागावाटपाच्या वेळी, घरचे फक्त ‘मुंबई, फॅशन डिझाइन’ एवढीच पसंती भरतात आणि मग जागा हुकते. बनियन-टीशर्टच्या जगात काम करायचं असेल तर निटवेअरची जागा ही दुय्यम जागा नाही. आणि सरकारी संस्था म्हणजे स्वस्त, हेही डोक्यातून काढा : फी एका सत्राला लाखाच्या पुढे जाते, वर कापड, साहित्य आणि राहणं-खाणं.

बाकीच्या वाटांबद्दल तर मेसेज चक्क गप्प आहे. अहमदाबादची एनआयडी, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइन (1961), पदवीला टेक्स्टाइल डिझाइन शिकवते; कपड्यांचं डिझाइन तिथे गांधीनगर कॅम्पसवर पदव्युत्तर एम.डिझ.ला येतं. आयआयटींत फॅशन डिझाइनची पदवी नाही, त्यामुळे केवळ कपड्यांसाठी यूसीडची (आयआयटींच्या डिझाइन प्रवेशपरीक्षेची) तयारी करत असाल तर आधी कोणत्या कॉलेजसाठी ते ठरवा. मुंबईत मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठ आहे.

आणि दहावीनंतरची एक वाट सगळ्यात दुर्लक्षित : ‘ड्रेस डिझायनिंग अँड गारमेंट मॅन्युफॅक्चरिंग’ हा तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा डिप्लोमा. तो करणारी मुलगी अठरा-एकोणिसाव्या वर्षी बेतणं, कापणं, शिवणं आणि कारखान्याची प्रॉडक्शन लाइन समजून बाहेर पडते. पुढे निफ्टमध्ये लॅटरल एन्ट्रीने थेट तिसऱ्या सत्रात जाण्याची सोयही आहे. हातमाग किंवा हस्तकला कारागिराचं ओळखपत्र घरात असेल, समजा येवल्याच्या पैठणी विणकराच्या घरात, तर कारागीर आणि त्यांच्या मुलांसाठी निफ्टची वेगळी प्रवेशवाट आहे. ती माहीत नसल्यामुळे अशा घरातली मुलं सर्वसाधारण रांगेत उभी राहतात.

शिवणक्लासला नाक मुरडू नका. डिझायनर म्हणवणाऱ्याला बाहीचा गोल मुंढ्यात बसवता येत नसेल, तर त्याचं स्केच कपडा कापणारा मास्तर बदलतो आणि डिझाइनही मास्तरचंच होतं.

‘चित्रकला लागते’

इथे सर्वात जास्त मुलं चुकीच्या गोष्टीवर वर्ष घालवतात. निफ्टच्या बी.डिझ.मध्ये सर्जनशीलतेच्या पेपरला म्हणजे कॅटला 50 टक्के, सामान्य क्षमतेच्या गॅटला 30 टक्के आणि सिच्युएशन टेस्टला 20 टक्के वजन असतं. अर्धे गुण रेखाटनातून जातात हे खरं, पण ते सुंदर रेषेसाठी नसतात. इंटरमिजिएटची ‘ए’ ग्रेड घरात फ्रेम करून लावलेली असली, तरी या गुणवत्ता यादीत तिचा वेगळा गुण धरला जात नाही.

कॅटसाठी लांबसडक, डोक्याच्या नऊपट उंचीच्या मॉडेल आणि लेहंग्याच्या घेरांची पाठ केलेली चित्रं हा रियाज वाया जातो. प्रश्न एखाद्या माणसाची गरज सोडवायला सांगतो. सरावासाठी एक प्रश्न घ्या : पावसाळ्यात लोकलने जाणाऱ्या कोळणीसाठी डोक्यावरची चुंबळ पुन्हा डिझाइन करा. बहुतेक मुलं लगेच रंगीत चुंबळ काढून मोकळी होतात. मुद्दा असा की टोपलीचं पाणी मानेवर ओघळतं, दारातल्या गर्दीत हात मोकळे लागतात, आणि उतरल्यावर ती चुंबळ कमरेला खोचता आली पाहिजे. हे तिन्ही लहान चित्रांत दाखवा, कापड कोणतं आणि का ते दोन ओळींत लिहा. साधी रेघ असूनही असा कागद वर जातो. वेळ वाटून घ्या : आधी किमान दहा मिनिटं फक्त विचार, दोन-तीन पर्यायांची काड्यांची चित्रं, मग एक निवडून नीट काढायचं. रंग शेवटी, आणि तोही छायाप्रकाशासाठी की वस्तूचा उपयोग दाखवण्यासाठी ते ठरवून.

सिच्युएशन टेस्टमध्ये तर चित्रच नाही. दिलेल्या प्रसंगावर, दिलेल्या सामानातून (पुठ्ठा, तार, दोरा, स्ट्रॉ, कापडाचे तुकडे असं काहीही) त्रिमित रचना करायची. फसतं ते बहुधा डिंकात. ओल्या डिंकावर पुढचा तुकडा चढवला की आधीचा सरकतो, वर वजन वाढतं, आणि परीक्षक टेबलापाशी येईपर्यंत रचना एका बाजूला झुकते. म्हणून डिंकाशिवायचे सांधे शिका. दोन पुठ्ठ्यांना पुठ्ठ्याच्या जाडीइतकी रुंद आणि उंचीच्या निम्म्यापर्यंत खाच पाडा, एकाला वरून, दुसऱ्याला खालून, आणि एकमेकांत अडकवा. पन्हळी पुठ्ठ्याला पन्हळीच्या दिशेने घडी सरळ पडते. आडवी घडी हवी तर आधी बोथट टोकाने रेघ दाबून घ्या, नाहीतर पुठ्ठा चुरगळतो. तार पुठ्ठ्याला चिकटवू नका, दोन भोकं पाडून मागे पिळा. रचनेची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी ठेवलीत तर जरा हात लागला की ती पडेल. आठवड्यातून दोनदा घरातल्या भंगारावर घड्याळ लावून सराव करा, आणि शेवटी टेबल मुद्दाम हलवून बघा. दिलेलं सगळं सामान वापरलंच पाहिजे असं समजून मुलं शेवटच्या दहा मिनिटांत उरलेले मणी रचनेवर पेरतात. पेरू नका.

आणि ज्याला चित्रच जमत नाही, त्याने निफ्टचंच बी.एफटेक (बॅचलर ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी, कपड्यांच्या उत्पादनाची पदवी) बघावं. तिथे कॅट नाही, सिच्युएशन टेस्ट नाही, फक्त गॅट आहे.

‘शाखा कुठलीही चालते’

बी.डिझ.ला चालते. बी.एफटेकला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, म्हणजे अकरावीतच निर्णय झाला पाहिजे. इचलकरंजीच्या डीकेटीईसारख्या ठिकाणी वस्त्रोद्योग अभियांत्रिकीला जायचं तरीही विज्ञान. मराठी माध्यमाच्या मुलांना शाखेपेक्षा भाषा जास्त अडवते : गॅटमध्ये इंग्रजी आकलन आणि संवादक्षमता हे विभाग आहेत, आणि प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते. रोज अर्धा तास वस्त्रोद्योगाच्या बातम्या इंग्रजीत वाचल्या तर भाषा आणि सामान्यज्ञान दोन्ही मार्गी लागतं.

‘कोचिंगशिवाय नाही’

कोचिंगने वेळेचं बंधन आणि कागदांवर कुणाची तरी नजर मिळते. ती शाळेच्या चित्रकला शिक्षकांकडूनही मिळते. उलट मोठ्या बॅचमध्ये एकच ‘युक्ती’ पन्नास जणांना शिकवली जाते, आणि तीच फुलपाखरं पन्नास उत्तरपत्रिकांत उडतात.

‘नाहीतर प्लेसमेंटवाली संस्था, डिग्री ती डिग्रीच’

मजकुरातलं सगळ्यात महागडं वाक्य हेच. पदवी फक्त विद्यापीठ देऊ शकतं, किंवा कायद्याने तसा अधिकार मिळालेली संस्था. एखाद्या व्यापारी संकुलाच्या दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठाच्या नावाने वर्ग चालत असतील, तर त्या केंद्राला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता आहे का, हे लेखी मागा आणि यूजीसीच्या संकेतस्थळावर ताडून बघा. हाती येणारं प्रमाणपत्र संस्थेचं खाजगी निघालं, तर पुढे पदव्युत्तर प्रवेश किंवा सरकारी नोकरीच्या अर्जात पदवीचा रकाना रिकामा राहतो.

मग संस्थेत जा. स्वागतकक्षात बसू नका, मशीन हॉल बघायला मागा. समजा बॅच तीसची आहे, औद्योगिक सिंगल नीडल मशीन दहा आणि शिवणाचं प्रात्यक्षिक आठवड्यातून दोनदा तीन-तीन तासांचं. दहा मशीनचे आठवड्याला साठ तास, तीस मुलांत वाटले की माणशी दोन तास. त्यात एखादं मशीन बंद असेल तर तेवढंही नाही. कापडाची कड बांधणारी ओव्हरलॉक मशीन किती, कापायची टेबलं उभ्याने काम करण्याइतकी उंच आहेत का, पॅटर्न (कापायचे कागदी साचे) कोण शिकवतं आणि त्याने कारखान्यात काम केलंय का, हे विचारा. अंतिम वर्षाचे कपडे उलटे करून बघा : आतली टीप, अस्तराची शिवण, डार्टचं (अंगाच्या आकारासाठी घेतलेल्या चिमटीचं) टोक. मांजरपाटावरचे (साध्या सुती कापडावर आधी शिवून बघायचे) नमुने दाखवता येत नसतील, तर मुलं कागदावरून थेट मास्तरकडे जातात असं समजा.

प्लेसमेंटचा आकडा विचारू नका, यादी मागा : कोण, कुठे, कोणत्या पदावर. मॉलमधला विक्रेता आणि निर्यात कारखान्यातला सॅम्पलिंग सहायक यांची त्या टक्क्यांत एकच बेरीज होते. शेवटच्या वर्षीच्या कलेक्शनचा खर्च फीमध्ये धरलेला आहे का, तेही विचारा. बहुतेक ठिकाणी नसतो.

मेसेज येतो मे-जूनमध्ये, हाच त्याचा आणखी एक घोटाळा. निफ्टची परीक्षा अलीकडे फेब्रुवारीत होते आणि अर्ज त्याआधीच्या हिवाळ्यात भरावे लागतात. म्हणजे निकालानंतर विचार सुरू करणाऱ्याचं ते वर्ष गेलेलं असतं. कागदपत्रांचंही तसंच. ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसचं प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं लागतं. राज्याचं नॉन-क्रिमीलेअर जोडलं की अडकतं. राज्याच्या एसईबीसी (मराठा) आरक्षणाचा लाभ केंद्रीय संस्थेत मिळत नाही, आणि भटक्या-विमुक्तांनी आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी तपासावं. सेतू केंद्रातल्या माणसाला ‘केंद्र सरकारचा नमुना’ असं स्पष्ट सांगा, आणि हे काम दिवाळीपूर्वी उरका.