परतीच्या बसचं काय? येळ्ळूरच्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

बेळगावात गावाकडची पोरं कॉलेजला कशानं येतात, यावर मी मागं लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंय, 'आम्ही येळ्ळूरहून सायकल मारत कॉलेज केलं. आता पोरींना बस फुकट, पोरांना पास, तरी सगळ्यांना गाडीच पाहिजे. ही गरज नव्हे, थाट आहे.'

पासाबद्दल तुमचं खरं आहे. मी त्या लेखात तो एका ओळीत गुंडाळला, ते चुकलं. कितीतरी घरांत पोराचं शिक्षण त्या पासावरच चाललंय. थाटासाठी गाडी घेणारेही आहेत. पण येळ्ळूरहून शहर सायकलच्या टप्प्यात आहे, खानापूर तालुक्यातल्या गावांचं तसं नाही.

माझी पुतणी तिकडूनच येते. गावातून खानापूर, तिथून बेळगावचं बसस्थानक, मग कॉलेजकडची बस. सकाळी सगळं जुळतं. एकदा प्रॅक्टिकल लांबलं, जर्नल छातीशी धरून ती पळत आली, तोवर गाडी गेलेली. पुढची बस खानापुरापर्यंतच. तिथून गावाला रात्री काही नाही. भाऊ शेतातून तसाच, चिखलाच्या पायांनी, तिला आणायला गेला. पुढच्याच महिन्यात त्यानं कर्ज काढून जुनी अ‍ॅक्टिव्हा घेतली. हँडलला अजून आधीच्या मालकाचा लिंबू-मिरचीचा दोरा आहे. जांबोटीकडच्या पावसात त्या गाडीवरून कॉलेजला जाणं कुणी हौसेनं करत नाही, काका.

म्हणून मी म्हणतो, पोरं कशानं जायचं हे सकाळच्या बसवर ठरवत नाहीत, परतीच्या बसवर ठरवतात. पोरींच्या बाबतीत तर ते घरचे ठरवतात. वाहतुकीचा अभ्यास करणारेही थांब्यावर ताटकळलेलं एक मिनिट बसमधल्या साधारण दोन मिनिटांएवढं जड धरतात. दोनदा गाडी बदलणाऱ्याला ते वेगळं सांगावं लागत नाही. राणी चन्नम्मा विद्यापीठ 2010 साली झालं, ते शहराबाहेर भुतरामहट्टीला, महामार्गालगत. तिथं जायचं तर दक्षिणेकडच्या पोरांना अख्खं शहर ओलांडून उत्तरेला जावं लागतं.

आता फुकट तिकिटाचं. कर्नाटकात महिलांना बस फुकट करणारी शक्ती योजना 11 जून 2023 पासून आहे आणि तिनं पुष्कळ पोरी कॉलेजात टिकल्या, असं मला मनापासून वाटतं. पण त्यासाठी ओळखपत्रावर कर्नाटकातला पत्ता लागतो. हद्दीच्या अलीकडच्या बाचीच्या पोरीला शून्य तिकीट मिळतं. पलीकडच्या शिनोळीची पोर चंदगड तालुक्यातली, म्हणजे महाराष्ट्रातली, तिला कर्नाटकच्या बसमध्ये पूर्ण पैसे. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पण ते हद्दीपर्यंतच. वर्गात दोघी एकाच बाकावर, भाषा एक, बसमध्ये मात्र हिशेब वेगळा. मग शिनोळीकडच्या तिघी मिळून वडापनं, म्हणजे सीटवर पैसे घेणाऱ्या खासगी गाडीनं येतात. त्यातही बसचा फलक कन्नडमध्ये. पहिल्या वर्षी त्या कंडक्टरला विचारत फिरतात, तोवर गाडी सुटते.

तेव्हा काका, एक काम सांगतो. तुमच्या थांब्यावर संध्याकाळची शेवटची बस खरोखर कितीला येते आणि तिच्यातून किती कॉलेजची पोरं उतरतात, आठवडाभर बघून कळवा. मी खानापूरच्या थांब्यावरची नोंद वहीत ठेवायला लागलोय. दोन्ही एकत्र करून आगारात घेऊन जाऊ. तुम्हीही चला.