अरे साचा आहे तो, बुरशी नाही!

इंग्रजीत 'मोल्ड' म्हणजे साचाही आणि बुरशीही, तिथेच घोळ. इंजेक्शन मोल्डिंग मशीनचं (वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू बनवणारं मशीन) मॅन्युअल कोणीतरी मोबाईलवर मराठीत करून ग्रुपवर टाकतं आणि दर वेळी तेच, 'बुरशी घट्ट बंद करा, बुरशीचं तापमान तपासा', अरे साचा आहे तो, पोलादाचा, क्रेनने उचलावा लागतो!! बरं बागवाल्यांचा लीफ मोल्ड म्हणजे कुजलेला पालापाचोळा, मातीत घालायचा, आणि टोमॅटोवाल्यांचा लीफ मोल्ड म्हणजे पानांवरचा रोग, आता बोला. स्पेलिंग बघून कळेल म्हणावं तर ब्रिटिश सगळ्याच अर्थांना यू घालतात (mould), अमेरिकन सगळीकडे गाळतात (mold), म्हणजे उपयोग शून्य. वर 'मुलांना मोल्ड करायला हवं' म्हणणारे काका आहेतच. काल नवीन पोरगा विचारतो, सर बुरशीला ग्रीस कुठलं लावायचं? काय सांगू, कपाळ?