चिंगीच्या डोळ्यांबद्दल : तुमच्या एका स्टारला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. लगेच उत्तर लिहायला बसले होते, पण ते फारच फणकाऱ्याचं झालं म्हणून पुसून टाकलं. आज केसपेपर पुढ्यात घेऊन लिहिते आहे. चिंगीच्या फाइलमधलं तुम्ही स्वतः इथे जेवढं सांगितलंत, तेवढ्यावरच बोलेन.

रिव्ह्यू लांब आहे, म्हणून इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. चिंगी ही १४ वर्षांची मांजर. डोळे काळेभोर दिसायला लागले, बाहुल्या मोठ्या राहायला लागल्या आणि दिवाळीच्या आवराआवरीनंतर ती कपाटाला धडकायला लागली, म्हणून ताई तिला आमच्या दवाखान्यात घेऊन आल्या. पुढे त्यांच्याच शब्दांत: "डोळ्याचं दुखणं घेऊन गेलो तर अर्धा तास अंधाऱ्या खोलीत बसवलं, शेपटीला पट्टा बांधून बीपी काढलं. म्हणे २१०. मांजराला बीपी असतं? खाणंपिणं उत्तम, पाणी तर पूर्वीपेक्षा जास्त पिते, तरी किडनीच्या नावाखाली रक्त-लघवी तपासली. बिल २,८५०. बीपीची गोळी लिहून दिली, डोळ्यात घालायला साधे ड्रॉप्स नाहीत. घरी सासूबाईंचे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे ड्रॉप्स होते, शेवटी तेच घालतोय. शुद्ध लूट." आणि अगदी शेवटी, जाता जाता एक ओळ: "दसऱ्याच्या आधी नखं कापायला आणलं होतं तेव्हाही डोळ्यांचं बोललो होतो, तर म्हणाले वय झालंय."

मी त्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते. तुमचा बाकीचा राग मला पटलेला नाही. ही ओळ मात्र पटली, आणि तुम्ही ती सर्वात वर लिहायला हवी होती.

त्या दिवशीच्या केसपेपरवर नखांच्या नोंदीखाली "दोन्ही डोळ्यांत वयानुसार निळसर झाक" एवढंच लिहिलेलं आहे. लिहिणारे आमचे ज्युनिअर डॉक्टर, पण पाटी माझ्या नावाची आहे, तेव्हा चूक माझी. आणि गंमत अशी की ते वाक्य खोटं नाही. डोळ्यातल्या भिंगावर आयुष्यभर नवे थर चढत राहतात, कांद्यासारखे, आणि मधला भाग दाबला जाऊन घट्ट होतो. मग उजेड पडला की भिंग निळसर, धुरकट दिसतं. म्हाताऱ्या मांजरांत हे नेहमीचंच आहे. तो मोतीबिंदू नव्हे आणि त्याने नजर जात नाही. चिंगीला ती झाक होती, अजूनही आहे. आमच्या डॉक्टरांनी जे दिसलं त्याला बरोबर नाव दिलं आणि तिथेच थांबले.

तुम्ही मात्र झाकेबद्दल विचारलंच नव्हतं. तुम्ही म्हणाला होतात की भर उजेडातही बाहुल्या लहान होत नाहीत. त्याचा झाकेशी काही संबंध नाही. आता, म्हातारपणी बाहुलीभोवतीचा रंगीत भाग विरत जातो, त्याची कड कुरतडल्यासारखी होते आणि बाहुली आकसायला कुचराई करते, हेही खरं. तेही वयाचंच. पण म्हणूनच अशा वेळी नुसतं समोरून बघून भागत नाही. आत बॅटरी मारून डोळ्याचा पडदा बघावा लागतो आणि बीपी काढावं लागतं. आम्ही दोन्ही केलं नाही. त्या दिवशी बीपी काढलं असतं तर नजर नक्की वाचली असती, असं छातीठोकपणे मी म्हणणार नाही. पण वाचण्याची संधी जास्त होती. ते तीन आठवडे आमच्यामुळे गेले. मनापासून माफी मागते.

कपाटाला धडकण्याबद्दल एक सांगायला हवं, कारण तुम्ही लिहिलंय की "दिवाळीत एकाएकी झालं." मांजराला घर पाठ असतं. कुठल्या खुर्चीवरून खिडकीत उडी मारायची, जेवणाची ताटली कुठे, हे त्याला न बघता येतं. मिशा आणि कान मदतीला असतातच. दिसेनासं झालेलं मांजर कित्येक दिवस घरच्यांच्या लक्षातसुद्धा येत नाही. मग आपण सफाईसाठी कपाट दोन फूट सरकवतो आणि तेव्हा ते धडकतं. नजर कदाचित आधीपासूनच कमी होत होती. यात तुमचा काही दोष नाही. माझ्या स्वतःच्या घरच्या बोक्याच्या बाबतीत मी हे ओळखायला उशीर केला होता, आणि मी डॉक्टर आहे.

आता बीपी. हो ताई, मांजराला बीपी असतं. वय वाढेल तसं ते वाढलेलं सापडण्याची शक्यताही वाढते. पशुवैद्यकातल्या २०१८च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे वरचा आकडा १४०च्या खाली असला तर ठीक, १६०च्या पुढे गेला तर जास्त आणि १८० किंवा त्यावर असेल तर धोक्याचा, कारण मग डोळे, मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय यांना इजा होऊ शकते. तुम्हीच २१० लिहिलंय. डोळ्याचा पडदा नाजूक, त्याच्यामागे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. दाब फार वाढला की त्या वाहिन्यांतून पाणी झिरपतं आणि पडदा मागच्या थरापासून सुटतो. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की रंगाचे पोपडे सुटतात ना, तसा. माणसांत आपण म्हणतो "पडदा सरकला", ते हेच. कधी डोळ्यात रक्तही उतरतं. बाहुल्या मोठ्या राहतात, कारण आत उजेड पोचल्याचा निरोपच मेंदूकडे जात नाही.

म्हणून ड्रॉप्स दिले नाहीत. दुखणं डोळ्याच्या मागच्या बाजूला आणि मुळात रक्तवाहिन्यांत आहे, बाहेरून टाकलेला थेंब तिथवर पोचून काही करत नाही. उपाय गोळीचा आहे. ॲम्लोडिपिन, माणसं घेतात तीच, पण मांजराला तिचा अगदी बारीक तुकडा. (वाचणाऱ्यांनी कृपया आजोबांच्या डबीतली गोळी मांजराला देऊन बघू नये. मात्रा चुकली तर बीपी नको इतकं खाली येतं.) दाब लवकर उतरला तर सुटलेला पडदा कधी कधी परत बसतो आणि थोडीफार नजर येते. सगळ्यांच्या बाबतीत नाही होत. पण म्हणूनच त्या दिवशी मी इतकी घाई केली, आणि त्या घाईत तुम्हाला नीट समजावून सांगायचं राहिलं.

त्यातलीच ती अंधारी खोली. तिला तिथे ठेवलं होतं वीसेक मिनिटं, पण काही न सांगता बसवून ठेवलं की ती अर्धा तासच वाटणार. चिंगी पिशवीत बसून, रिक्षातून, हॉर्न ऐकत आली. आमच्या बाकावर शेजारी लॅब्राडोर भुंकत होता. अशा वेळी मोजलं तर कुठल्याही मांजराचं बीपी वर दिसेल, आणि तो आकडा खोटा. म्हणून शांत खोली, मंद दिवा, मालक जवळ, आणि मग पट्टा. पहिलं माप सोडून द्यायचं, पुढची पाच-सात घेऊन सरासरी काढायची. शेपटीला पट्टा एवढ्यासाठी, की म्हाताऱ्या मांजरांचे सांधे दुखत असतात, पुढचा पाय ताणून धरलेला त्यांना आवडत नाही. हे सगळं तुम्हाला तेव्हाच सांगितलं असतं तर "शेपटीला पट्टा" असा टोमणा मला आज वाचावा लागला नसता. बरोबर आहे तुमचं.

बिलाचं मात्र मी समर्थन करणार आहे. तपासणी ५००, बीपी ३००, रक्त १,६५०, लघवी ४००. मांजराचं बीपी बहुतेक वेळा आपोआप वाढत नाही, त्याच्यामागे दुसरं काहीतरी असतं. मूत्रपिंडाचा जुना आजार हे त्यातलं नेहमीचं कारण, दुसरं म्हणजे थायरॉईड. तुम्ही लिहिलंय, "पाणी तर पूर्वीपेक्षा जास्त पिते", म्हणजे तब्येत चांगली. ताई, मला नेमकी तीच गोष्ट खटकली होती. मूत्रपिंडं थकली की लघवी घट्ट करता येत नाही, पातळ लघवी जास्त होते आणि ते पाणी भरून काढायला मांजर सारखं वाटीकडे जातं. लिटर बॉक्समधले, म्हणजे शी-शूच्या वाळूतले, गोळे मोठे व्हायला लागतात. आणि क्रिएटिनिन हा रक्तातला नेहमीचा आकडा वाढतो तो मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडल्यावर. म्हणून लघवीचा दाटपणाही सोबत बघतात. रिपोर्टमध्ये काय आलं ते इथे लिहीत नाही, तुमच्याकडे प्रत आहे. पण तो कागद पुन्हा एकदा वाचा, आणि यावेळी माझ्यासमोर बसून वाचा.

सासूबाईंचे ड्रॉप्स आजच बंद करा. रिव्ह्यूमध्ये मला सर्वात जास्त भीती या ओळीची वाटली, बिलाच्या ओळीची नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर देतात त्या थेंबांत बहुधा स्टेरॉईड असतं. चिंगी सध्या वस्तूंवर आपटते आहे. बुबुळाला बारीकशी जखम असेल तर स्टेरॉईडने ती भरत नाही, उलट खोल जाते. शिवाय पुष्कळ मांजरांच्या अंगात हर्पीसचा विषाणू दबा धरून असतो, तोही स्टेरॉईडने उसळू शकतो. बाटली येताना घेऊन या. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून बुबुळावर जखम आहे का ते दोन मिनिटांत कळतं.

आणि गोळी चालू आहे ना? रागाच्या भरात बंद केली असेल तर मी काही बोलणार नाही. फक्त फोन करून सांगा. फेरतपासणी आठवड्याच्या आत व्हायला हवी होती, आज अकरावा दिवस आहे.

२,८५० परत करणार नाही. ते काम योग्य होतं, आणि परत केले तर काम चुकलं होतं असा त्याचा अर्थ होईल. पण नखांच्या दिवशी जे राहून गेलं त्याची भरपाई म्हणून चिंगीच्या पुढच्या सहा महिन्यांच्या बीपीच्या तपासण्यांचे पैसे घेणार नाही. ही मेहरबानी नव्हे. रिव्ह्यू काढा किंवा स्टार बदला असंही मी म्हणत नाही. आहे तसा राहू दे, निदान दुसऱ्या कुणाला तरी वाचून आपल्या म्हाताऱ्या मांजराचं बीपी काढायचं सुचेल.

आमच्याकडे एक बदल केला आहे. सात वर्षांपुढचं मांजर कशासाठीही आलं, नखं कापायला का असेना, तर वर्षातून एकदा बीपी, आणि अकरा वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी. केसपेपरवर डोळ्यांच्या नोंदीपुढे "पडदा पाहिला का?" असा रकाना छापून घेतला आहे. ज्युनिअर डॉक्टरांशी बोलले. त्यांना तुमची माफी मागायची आहे, पण ती त्यांनी समोर भेटून मागावी असं मी सांगितलं.

गुरुवारी दुपारी दोन ते चार आम्ही कुत्र्यांच्या वेळा देत नाही, तेव्हा या. पिशवीऐवजी टोपली आणा, वर तुमची जुनी ओढणी टाका, तिला तुमचा वास येत राहील. घरी कपाट पुन्हा पहिल्या जागी सरकवा, आणि तिची वाटी आणि लिटर बॉक्स हलवू नका. जवळ जाताना आधी हाक मारा, मगच हात लावा.